छोट्या दवाखान्याचा हातगुण मोजायचा कसा?

बालाघाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. तपासायची एक खोली, बाकडी टाकलेला व्हरांडा, एक कंपाउंडर, आणि बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी. जनरल प्रॅक्टिस. ताप-खोकला-जुलाबापासून बीपी-शुगरपर्यंत सगळं.

"डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे" असं लोक म्हणतात, आणि कोणाला बरं वाटणार नाही? पण ज्याला गुण येत नाही तो परत येऊन तसं सांगत नाही. तो गपचूप दुसरा दवाखाना धरतो. समोर बसलेल्या माणसांवरून मी स्वतःचं काम जोखतो तेव्हा नापास झालेली पोरं वर्गातच नसतात, आणि मी निकाल शंभर टक्के लावून मोकळा.

मोठ्या हॉस्पिटलांना एनएबीएच आहे, म्हणजे दर्जा तपासून प्रमाणपत्र देणारं मंडळ. सरकारी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) एनक्यूएएस ही केंद्राची दर्जाची मानकं आहेत, स्वच्छतेसाठी कायाकल्पची बक्षिसं आहेत. आमच्यासारख्या एकखांबी दवाखान्याला कोण काय विचारतं? कौन्सिलची नोंदणी आणि बायोमेडिकल वेस्टचा कागद, संपलं. एनएबीएचनं क्लिनिकसाठी वेगळे निकष काढलेत, पण आमच्या तालुक्यात त्या वाटेला गेलेलं कोणी माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून मी एक लांब वही घेतली. बीपीच्या दर पेशंटला एक ओळ: नाव, गाव, मोबाईल, पहिल्यांदा आल्याचा महिना, आणि पुढं दर तीन महिन्यांना एक चौकट. चौकटीत शेवटच्या भेटीचं बीपी. आला नाही तर फुली. एवढंच.

पहिला धक्का फुल्यांनी दिला. टक्केवारी सांगत नाही, नाहीतर चर्चा तिथंच अडकेल. दुसरी गंमत पेशंटनं पिशवीतून काढलेल्या जुन्या कागदांवर दिसली. चार दवाखान्यांचे कागद, चार वेगळी अक्षरं, आणि बीपी मात्र १३०/८०, १४०/९०, १२०/८०, १५०/९०. पाऱ्याच्या मशीनवर दोन-दोनच्या रेघा असतात. नीट वाचलं तर शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यांपैकी कोणताही येईल, म्हणजे शून्य साधारण पाचात एकदा. इथं सगळ्यांना शून्यच आवडतो! जे मोजलंच अंदाजपंचे, त्याचा 'दर्जा' काय डोंबल काढणार?

तर विचारायचंय असं: छोट्या दवाखान्यानं मोजावं काय? मोजलेलं कोणाला सांगावं, की सांगूच नये? आणि आमच्याकडचा खास प्रश्न म्हणजे दसरा झाला की अर्धा तालुका ऊसतोडीला जातो. ते पेशंट वहीत कुठं लिहायचे?

---

पुणेकर_सध्या

वाचतोय. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दर्जाचं एकच माप: त्यांनी आईला "काही झालेलं नाही, घरी जा" असं सांगून पैसे घेतले नाहीत.

---

जुना_पारखी

डॉक्टर, तुमची तळमळ कळली. पण मी परभणीकडचा म्हातारा जीपी, जरा कडू बोलतो, राग मानू नका.

आमच्याकडं तपासणी फी किती, सगळ्यांना माहीत आहे. त्यात व्हरांड्यात तीस माणसं बसलेली, लाईट गेलेली, एक लेकरू तापानं फणफणलेलं, आणि तुम्ही म्हणता चौकटीत आकडा भरा. कोण भरणार? कंपाउंडर? तो एका हातानं गोळ्या बांधतो नि दुसऱ्या हातानं नंबर पुकारतो.

दुसरं, आज वही, उद्या पोर्टल, परवा नोटीस. टीबीचं बघा. २०१२ पासून खासगी डॉक्टरनं टीबीचा पेशंट कळवणं सक्तीचं आहे. २०१८ ला तर न कळवलं तर कारवाई, असं राजपत्रात आलं. कळवल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी ५००. मी कळवतो, कळवायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण कळवल्यावर मला कोणी उलट फोन करून "तुमच्या अमुक पेशंटचं असं झालं" म्हणून सांगितल्याचं आठवत नाही. माहिती वर जाते, खाली काही येत नाही. अशी माहिती ही हमालीच.

आणि तिसरं. पेशंटला दर्जा म्हणजे काय वाटतं? "सुई टोचली नाही, सलाईन लावली नाही, मग डॉक्टरनं केलं काय?" तुमच्या वहीत याची चौकट आहे का?

---

सरासरी

धागा छान आहे. मी मूळचा लातूरचा, संख्याशास्त्रवाला, काही काळ इंग्लंडात तिथल्या जीपींच्या आकडेवारीवर काम केलंय. त्यामुळं थोडं लांबण लावतो.

पारखीकाका ज्या 'पोर्टल आणि नोटीस'ला भितात त्याचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग तिथंच झाला. एप्रिल २००४ मध्ये ब्रिटननं जीपींच्या करारात क्यूओएफ नावाची योजना आणली. एकूण १०५० गुण, गुणांवर पैसे. मधुमेह, दमा, हृदयविकार, बीपी, प्रत्येकाचे निकष. सरकारला वाटलं दवाखाने एकूण गुणांतले पंचाहत्तरएक टक्के मिळवतील. पहिल्याच वर्षी इंग्लंडातल्या दवाखान्यांची सरासरी ९१ टक्क्यांच्या वर गेली आणि बजेट कोलमडलं.

काम सुधारलं का? काही सुधारलं. मधुमेह आणि दम्याची देखभाल आधीपासून सुधारत होती, ती थोडी जास्त वेगानं वर गेली आणि मग सपाट झाली. पण ज्या गोष्टींना गुण नव्हते त्यांतल्या काही मागं पडल्या. पेशंटला आपला नेहमीचा डॉक्टर भेटण्याचं प्रमाणही घसरलं. बीपीची रेघ १५०/९० ला मारलेली होती, तर नोंदींमध्ये १५० च्या जरा खाली आकड्यांचा ढीग दिसायला लागला. बालाघाटी, तुमच्या शून्याचा हा सख्खा भाऊ. पैसे रेघेला बांधले की बीपी रेघेच्या अलीकडं येतं, माणसाचं येवो न येवो.

स्कॉटलंडनं २०१६ मध्ये ही योजना बंदच केली आणि जवळपासच्या दवाखान्यांनी एकत्र बसून एकमेकांचं काम बघायचं, अशी वाट धरली. इंग्लंडात ती अजून आहे, पण गुण आणि निकष खूप छाटून.

आता छोट्या दवाखान्याचा मुख्य अडसर, जो डॉक्टरांच्या सहसा लक्षात येत नाही: संख्या. समजा तुमच्या वहीत ४० मधुमेही आहेत आणि २० जणांची शुगर आटोक्यात आहे. ५० टक्के. पण ४० जणांवर काढलेल्या ५० टक्क्यांचा अर्थ 'खरं प्रमाण ३५ ते ६५ च्या मध्ये कुठंतरी' इतकाच. शेजारच्या दवाखान्यात ६० टक्के आले म्हणून तो डॉक्टर तुमच्यापेक्षा सरस, असं म्हणायला काडीचा आधार नाही. ४०० पेशंट असते तर हाच पल्ला ४५ ते ५५ असा आक्रसला असता. म्हणून एकेका छोट्या दवाखान्याची क्रमवारी लावणं हा शुद्ध लॉटरीचा धंदा आहे. यंदाचा पहिला पुढच्या वर्षी सतरावा येतो, नि दोन्ही वेळा त्यानं काम तेच केलेलं असतं.

---

लेखणी

मी पत्रकार, लातूर. सरासरी यांचं गणित मान्य, पण त्यावरून कोणी 'सांगूच नका' असा निष्कर्ष काढला तर तो मान्य नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण विसरलात का? २०१९ मध्ये बातम्या आल्या, मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२ हजारांवर बायकांना विचारलं गेलं, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. हे काही एका रात्रीत झालेलं नव्हतं. एकेका शस्त्रक्रियेचा कागद कुठं ना कुठं होताच. पण कोणत्या दवाखान्यात किती, कोणत्या वयाच्या बाईची, कशासाठी, हे कोणी एका जागी मांडून बघत नव्हतं. दर तीन महिन्यांनी तो तक्ता कोणाच्या टेबलावर पडला असता तर इतकी वाट बघावी लागली असती का?

डॉक्टरांना आपली वही आपल्या कपाटात आवडते. लोकांचं काय?

---

बालाघाटी

लेखणी, मुद्दा रास्त आहे. फक्त दोन गोष्टींची गल्लत होतेय असं वाटतं. ज्यानं माणसाला इजा होते, अवयव जातो, जीव जातो, ते वर कळवलंच पाहिजे आणि त्यात डॉक्टरची मर्जी चालू नये. तिथं एकेक घटना मोजायची असते, टक्केवारी नाही. माझ्या वहीत जे आहे ते वेगळं: रखमाबाईंचं (नाव बदललेलं आहे) बीपी तीन महिन्यांत १६८ वरून १४२ ला आलं, अजून खाली यायला हवं, गोळी वाढवायची राहिली का? यात जाहीर करण्यासारखं काही नाही. पण मला दर तिमाहीला हे दिसलं नाही तर गोळी वाढवायची राहते, हे नक्की.

पारखीकाका, वेळेबद्दल. बीपीची नोंद मी केसपेपरवर करतोच. चौकट भरायचं काम गर्दीत नाही, रविवारी दुपारी करतो. आणि सगळ्या रोगांचं नाही, फक्त बीपीचं. दहा गोष्टी मोजायला बसलो असतो तर पहिल्याच महिन्यात वही रद्दीत गेली असती.

---

गोदाकाठ

मी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, नांदेड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर. म्हणजे आताच्या भाषेत आयुष्मान आरोग्य मंदिर. खासगीवाल्यांना मोजमाप नवीन वाटतं, आम्ही त्यातच राहतो.

आम्हाला मूळ मानधन आणि वर कामावर आधारित मोबदला, महिन्याला कमाल १५,००० पर्यंत. तो निकषांवर मिळतो: ओपीडी किती, तिशीवरच्या किती लोकांची तपासणी, बीपी-शुगरच्या किती जणांचा पाठपुरावा, असे. आशाताई घरोघर सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका गुणांत मोजणारा) भरतात, ४ च्या वर गुण आले की त्या माणसाला आधी तपासायला बोलवायचं. कागदावर फार सुंदर आहे. पण महिनाअखेर आली की सगळ्यांचं लक्ष संख्येवर. 'तपासले' हा आकडा पटापट वाढतो, कारण तो आपल्या हातात आहे. 'आटोक्यात आले' हा आकडा वाढत नाही, कारण त्याला गोळ्या लागतात, आणि गोळ्यांचा साठा माझ्या हातात नाही. अम्लोडिपिन (बीपीची गोळी) संपली की पेशंट एक खेप रिकामा जातो, दुसऱ्या खेपेला येतच नाही. मग रिपोर्टमध्ये दिसतं की सीएचओचा पाठपुरावा कमी. :(

एनक्यूएएसचं मात्र मी चांगलं बोलेन. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण, आणि प्रमाणपत्राला साधारण ७० टक्के लागतात. तपासणीच्या तयारीत आमच्याकडं पहिल्यांदा कळलं की इमर्जन्सी ट्रेमधली दोन औषधं मुदत संपलेली आहेत. कोणाला शिक्षा झाली नाही, ट्रे नीट झाला. मोजण्यामागं माणूस नसून ट्रे असला की सगळे खरं बोलतात.

बालाघाटी सर, तुमची वही म्हणजे जवळजवळ आयएचसीआयचीच पद्धत आहे बरं का. २०१७ मध्ये आयसीएमआर, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून सुरू केलेला बीपीचा कार्यक्रम. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तिथं तिमाहीला तीनच रकाने: आटोक्यात (१४०/९० च्या खाली), आटोक्यात नाही, आणि आला नाही. नोंदवलेला प्रत्येक जण या तिघांपैकी एकात बसलाच पाहिजे. 'आला नाही' हा रकाना काढून टाकला की कोणाचाही निकाल झकास दिसतो.

---

सरासरी

गोदाकाठताईंनी शेवटच्या ओळीत जे लिहिलं ते मला दोन पानांत लिहिता आलं नसतं. अंशाकडं सगळे बघतात, घोटाळा छेदात असतो.

---

कोयता

मी डॉक्टर नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी आता वडवणीकडं शाळेत मास्तर आहे. धागा बघून राहवलं नाही.

तुम्ही 'आला नाही' म्हणून फुली मारता ना, ती फुली म्हणजे माणूस कुठं असतो सांगतो. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवाळीच्या आगंमागं टोळी निघते, ती कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. पहाटे अंधारात फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला. एक खाडा झाला तर पैसे कापतात. माझ्या बापाला बीपी होतं. गोळी चालू होती ती गावच्या डॉक्टरची, एका महिन्याची. महिना संपला. कारखान्यावर दवाखाना दूर, तिथला डॉक्टर ओळखीचा नाही, जुना कागद गावी पत्र्याच्या पेटीत. "चक्कर येत नाही म्हंजे बरं हाय" म्हणून गोळी बंद. एप्रिलात गावी आला तवा डॉक्टरनं मशीन लावलं नि त्याच्यावरच ओरडला, "गोळ्या का बंद केल्या?" बाप काहीच बोलला नाही. काय बोलणार?

म्हणून म्हणतो, तो पेशंट वहीतून काढू नका आणि नापास पण धरू नका. त्याला जाताना काय दिलं ते लिहा.

---

बालाघाटी

मास्तर, हेच हवं होतं.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात या पेशंटना छेदातून वगळायचा विचार घोळत होता. ब्रिटनमध्येही तशी सोय होती ना सरासरी, काही पेशंट हिशेबाबाहेर ठेवायची?

---

सरासरी

होती. पेशंटनं नकार दिला, वारंवार बोलावूनही आला नाही, औषध सोसत नाही, अशा कारणांनी त्याला हिशेबातून वगळता येई. हेतू चांगला होता, डॉक्टरनं नको त्या माणसाला गोळ्यांचा मारा करू नये हा. पण वगळणं ज्याच्या हातात आणि पैसेही त्यालाच, म्हटल्यावर शंका आलीच. तुमच्याकडं तर वगळाल ते नेमके सगळ्यात जास्त धोक्यातले. अर्धा तालुका वगळून उरलेल्यांचा निकाल लावायचा म्हणजे घरी बसलेल्या दुकानदार-मास्तरांचं बीपी मोजण्यासारखं आहे (मास्तर, माफी).

वेगळा रकाना करा: 'बाहेरगावी'. आणि मास्तर म्हणतात तसं त्यांच्यासाठी मोजायची गोष्टच बदला. जाण्याआधी शेवटचं बीपी घेतलं का, सहा महिन्यांची सोय केली का, परत आल्यावर पहिल्या महिन्यात दिसला का. यातलं काम तुमच्या हातातलं आहे. सांगलीतल्या फडावरचं बीपी तुमच्या हातात नाही.

---

मेडिकलवाला

राम राम. जालन्याकडं मेडिकल आहे. डॉक्टर लोक स्वतःची वही बघतात, आमच्या काउंटरवर या, चिठ्ठ्यांवरून सगळा तालुका कळतो.

शेड्यूल एच-वनचं रजिस्टर आम्हाला ठेवावं लागतं २०१४ पासून. वरच्या दर्जाची अँटिबायोटिकं, टीबीची औषधं, काही झोपेच्या गोळ्या. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, तीन वर्षं जपायचं. म्हणजे दर्जाचा अर्धा आरसा आमच्याच कपाटात आहे. बघायला कोणी येत नाही, आलं तर सह्या बघून जातं.

आमच्याकडं साध्या सर्दीला सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक येतं. पेशंट दोन दिवस खातो नि उरलेल्या गोळ्या परत करायला आणतो! तुम्ही बीपी मोजता ते चांगलंच, पण आधी चिठ्ठ्या मोजा. फुकटात मोजता येतात.

---

जुना_पारखी

मेडिकलवाल्यांनी वर्मावर बोट ठेवलं. आणि याला कोणत्या पोर्टलची गरज नाही, हे मला पटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९३ मध्येच यासाठी सोपी मापं काढून ठेवली आहेत. एका चिठ्ठीत सरासरी औषधं किती, किती जेनेरिक नावानं लिहिली, शंभरात किती चिठ्ठ्यांत अँटिबायोटिक, किती चिठ्ठ्यांत इंजेक्शन, आणि किती औषधं आवश्यक यादीतली. एका दवाखान्याला शंभर चिठ्ठ्या पुरतात. एका आठवड्याच्या चिठ्ठ्यांचे कार्बन काढा आणि रात्री जेवण झाल्यावर बसा. हे मी शिकवायच्या काळात इंटर्न पोरांकडून करून घेतलंय.

सुईचं मात्र पुन्हा सांगतो. पेशंट मागतो म्हणून देतो, असं आपण म्हणतो. थोडं उलटंही आहे. पहिल्या खेपेला आपण दिली, म्हणून दुसऱ्या खेपेला तो मागतो. सलाईनीतून जातं तसं मीठ-पाणी ओआरएसच्या पुड्यांतूनही जातं, हे समजावायला पाच मिनिटं लागतात, सलाईन लावायला दोन. आणि त्या पाच मिनिटांचे पैसे कोणी देत नाही.

---

गोदाकाठ

काका, त्या पाच मिनिटांवरून. काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत संशोधकांनी शिकवून तयार केलेले नकली पेशंट दवाखान्यांत पाठवले होते. उपचार करणारे सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास देत होते आणि विचारायला हवेत त्यांतले तिसरा हिस्सा प्रश्न विचारत होते. दिल्लीत टीबीच्या नकली पेशंटांचा तसाच अभ्यास झाला, तिथं २५० भेटींपैकी ५२ मध्येच योग्य ते केलं गेलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, मग एकदम गप्प झाले. आमच्यातल्या सगळ्यांना उत्तरं येत होती, परीक्षा दिली असती तर पास झाले असते. केसपेपरवरून हे कधीच कळलं नसतं, कारण न विचारलेला प्रश्न केसपेपरवर नसतो.

---

पुणेकर_सध्या

म्हणजे डॉक्टरकडं जाताना आपणच प्रश्नांची यादी न्यावी का? :)

---

संपादक मंडळ

सेफिक्झिम कोण लिहितं, जेनेरिक की ब्रँडेड, आणि बीएएमएस विरुद्ध एमबीबीएस यावरचे तेरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून राहा.

---

लेखणी

एक विचारायचं राहिलं. एकेका डॉक्टरची क्रमवारी नको, हे पटलं. पण तालुक्याचा मिळून आकडा जाहीर करायला काय हरकत आहे? दहा-पंधरा दवाखान्यांचे पेशंट एकत्र केले तर सरासरी यांचा संख्येचा अडसरही जातो.

---

सरासरी

हरकत काहीच नाही, उलट तेच करावं. नावं न घालता फक्त चार आकडे प्रत्येकानं द्यायचे: नोंदवलेले, आटोक्यात, आटोक्यात नाही, आला नाही. (आता बाहेरगावी हा पाचवा.) पेशंटचं नाव, मोबाईल काही बाहेर जाता कामा नये. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, आणि तो नसता तरी कोणाच्या आजाराची यादी व्हॉट्सॲपवर फिरवणं बरं नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण एक्सेलची फाईल ग्रुपवर टाकायची हौस आपल्याकडं फार.

आणि आपल्याच दवाखान्याचं बघायचं असेल तर शेजाऱ्याशी तुलना सोडा, स्वतःच्या मागच्या महिन्यांशी करा. आलेखाच्या कागदावर दर महिन्याला एक ठिपका. मधोमध मध्यकाची आडवी रेघ, म्हणजे निम्मे ठिपके वर नि निम्मे खाली पडतील अशी. सलग सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरंच बदललंय. एकदोन वर-खाली झाले तर चहा प्या, काही झालेलं नाही. टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) ऑफिसात दर महिन्याला "दोन टक्के का घसरले, खुलासा द्या" चालतं, त्यातले निम्मे खुलासे नशिबाचे असतात.

---

जुना_पारखी

आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) तालुका शाखेत दर महिन्याला जेवण असतंच. त्यात औषध कंपनीच्या भाषणाऐवजी अर्धा तास हे ठेवलं तर? फक्त नियम एक, कोणी कोणाचा आकडा बाहेर सांगायचा नाही. आणि पहिल्या महिन्याचा सगळ्यांचा आकडा वाईट येणार, हे आधीच सांगून ठेवायचं. चांगला आला तर समजायचं, फुल्या मारल्या नाहीत.

(हो, मी येईन. वही पण आणीन. टोमणे मारू नका.)

---

बालाघाटी

काका :)

आता माझं ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. बीपीची वही चालू राहील, 'बाहेरगावी' रकाना वाढवून. दर तीन महिन्यांनी शंभर चिठ्ठ्या, त्यांत फक्त इंजेक्शन आणि अँटिबायोटिक मोजणार, बाकीची मापं सध्या सोडतो. पाऱ्याचं मशीन काढून डिजिटल घेतलं आहे, म्हणजे शून्याची आवड आपोआप जाईल. पण त्यालाही दंडाच्या मापाचा पट्टा लागतो, आणि पेशंटला पाच मिनिटं गप्प बसवावं लागतं. तेव्हा बीपी आता माझ्या टेबलावर नाही, व्हरांड्यात कंपाउंडर घेतो, नंबर येण्याआधी. गर्दीचा हा एक फायदा, लोक तसेही बसलेलेच असतात.

शुगरचं अजून धरलेलं नाही. एचबीएवनसीला (तीनएक महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीला) पेशंटला तीन-पाचशे रुपये पडतात आणि दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. आधी त्या लॅबवाल्यांशी बोलायचंय.

ऊसतोडवाल्यांसाठी दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वेगळी वेळ ठेवतोय. मेडिकलवाल्यांशी बोलून स्वस्त जेनेरिक, सहा महिन्यांची पुरेल अशी पाकिटं. ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांनाच, बाकीच्यांना दोन महिन्यांची आणि फोनवर संपर्क. आणि प्रत्येकाच्या खिशात एक जाड कार्ड: नाव, बीपी, गोळी, डोस, माझा नंबर.

---

मेडिकलवाला

पाकिटं आमच्याकडून घ्या म्हणत नाही, पण मुदत बघून घ्या. सहा महिन्यांची गोळी द्यायची तर एक्स्पायरी किमान वर्षभर पुढची पाहिजे. आणि फडावर कोपीत (झोपडीत) ऊन तापतं, स्ट्रिप डब्यात ठेवायला सांगा. सुट्ट्या गोळ्या पुडीत देऊ नका.

---

कोयता

डॉक्टरसाहेब, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत द्या, घामानं कागद दोन दिवसांत लगदा होतो. बायांना ब्लाऊजमधल्या पाकिटात बसेल इतकं लहान करा. आणि मुकादमाला पण एक यादी द्या, त्याच्या टोळीत कोणाला बीपी आहे. तो दर आठवड्याला बाजाराला जातोच.

---

बालाघाटी

कार्ड लहान आणि पिशवीत, मान्य. मुकादमाच्या यादीबद्दल मात्र पेशंटला विचारल्याशिवाय नाही. बीपी आहे कळलं तर पुढच्या वर्षी त्याला उचल देणार नाहीत, ही भीती दोघांनी मला बोलून दाखवली आहे.

---

कोयता

खरंय ते. मग नका देऊ. टोळीत एखादी शिकलेली पोरगी असते, तिला विचारा.

---

जुना_पारखी

कार्डावर औषधाचं नाव इंग्रजीतही लिहा, मोठ्या अक्षरात, कंपनीचं नाही, मूळ औषधाचं. निपाणीच्या पुढं गेलं की तिथल्या दवाखान्यात मराठी वाचतीलच असं नाही. आणि खाली शेवटच्या दोन बीपींची तारीख टाका, म्हणजे तिथला डॉक्टर पहिल्यापासून नवीन औषध सुरू करणार नाही.

---

गोदाकाठ

आमच्या उपकेंद्रातूनही बरीच कुटुंबं जातात. सर, कार्डाचा नमुना झाला की इथं टाका, मी टीएचओ सरांना दाखवते. छपाईचं कोणी करत नसेल तर झेरॉक्सवर काढू.